परक्या कमरेभोवतीची टेप

टाचणीताईंनी परदेशात लग्न केलं, ही बातमी आमच्या गल्लीत दिवेलागणीला पसरली आणि जेवणं उरकेपर्यंत तिला दाढीमिशाही फुटल्या. नवरा गोरा आहे, दुकानदार आहे, पहिली बायको वारलेली आहे आणि ताई आता तिकडेच राहणार आहेत. बातमीचं मूळ कोपऱ्यावरची पार्लरवाली. तिनं पाहिलं ते खोटं नव्हतं. फोनच्या पडद्यावर ताईंचे दोन्ही हात एका परक्या पुरुषाच्या कमरेभोवती होते आणि तो गृहस्थ गुदगुल्या झाल्यासारखा हसत होता. फक्त त्या हातांत टेप होती आणि ताईंच्या तोंडात टाचण्या होत्या, एवढा किरकोळ तपशील तिनं गाळला. मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होते, म्हणून सांगते: लग्नबिग्न काही नाही, बाई पँटचं माप घेत होत्या.

टाचणीताई म्हणजे आमच्या गल्लीतल्या शिंपीण. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे सगळा व्यवहार 'हं' आणि 'हूं' या दोन शब्दांवर चालायचा. 'हं' म्हणजे होईल. 'हूं' म्हणजे हे कापड तुम्हाला शोभणार नाही, पण तुम्ही ऐकणार नाही. त्यांनी टाचण्या तोंडातून काढायला सुरुवात केली की समजायचं, आता कुणाचं तरी काही खरं नाही.

घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं. बांधतानाच रस्त्याकडची पुढची खोली लेकीच्या मशीनसाठी म्हणून वेगळी काढली होती. मागे हॉल आणि वर दोन खोल्या, तिथे भाऊ, वहिनी आणि पुतण्या. भाऊ कचेरीतून निवृत्त झाले तरी गल्ली त्यांना साहेबच म्हणते, कारण हॉलमधल्या सोफ्यावर ते अजून कचेरीत असल्यासारखेच बसतात: पाय लांब, पेपर उभा, आणि समोरच्याला उत्तर उद्या. पुतण्याला नोकरी मानवत नाही. त्यानं आधी शोभेचे मासे विकले, मासे मेले. मग व्यायामाच्या सायकली भाड्यानं दिल्या, त्यावर लोकांनी टॉवेल वाळत घातले. आता त्याच्या मनात मोबाइलच्या कव्हरांचं दुकान होतं. माल आला होता, उत्साह होता, नव्हती ती फक्त जागा. रस्त्याकडची.

तर अशा या घरात एके दिवशी सगळ्यांना आत्याचा पुळका आला.

"आत्या, तू कधी जग पाहिलंस का गं?" पुतण्यानं विचारलं. वहिनींनी मानेखाली घ्यायची फुगवायची उशी आणली. साहेबांनी तर पेपर खाली ठेवला. तिकीट काढलं, हॉटेल ठरवलं. आम्हाला तेव्हाच वास यायला हवा होता. पण फुकटचा परदेश पाहून आम्ही आतून इतके जळत होतो की त्या जळकट वासात दुसरा वास कळलाच नाही. बरं, एकटीलाच का? तर म्हणे हल्ली एकट्यानं फिरायची पद्धत आहे, माणसाला स्वतःचा शोध लागतो.

"मी हरवले होते कधी?" ताईंनी विचारलं. पण गेल्या बिचाऱ्या.

तिकडून फोटो यायचे. मोठ्या चौकातला दगडी राजा, आणि खाली ताईंचा शेरा: 'झग्याची पाठ ओढली गेलीय.' संग्रहालयातली राणी: 'बाही एका बाजूला चढलीय, कुणी बोललं कसं नाही?' कारंज्याचा फोटो मात्र नुसताच आला. कारंज्याला शिवण नसते.

आणि मग शेवटचा दिवस. विमान संध्याकाळचं, हॉटेलची खोली सकाळीच सोडायची. ताई बॅग घेऊन खाली आल्या आणि दारातच बॅगेची चेन फाटली. आम्ही कुणी फारसं काही मागवलं नव्हतं. पार्लरवालीची रंगाची खोकी, ड्रिलमास्तरांचे बूट, वहिनींच्या चादरी. माझा तर फक्त एक तवा होता. पण परदेशी बॅगा नाजूकच.

ताई ती उघडी बॅग पोटाशी धरून गल्ल्या धुंडाळत निघाल्या. एका ठिकाणी जमिनीखाली उतरणाऱ्या पायऱ्या आणि काचेवर कात्रीचं चित्र. कात्री कुठल्याही भाषेत वाचता येते. त्या उतरल्या. आत इस्त्रीची वाफ, मशीनच्या तेलाचा वास, दुरुस्तीला आलेल्या कपड्यांचा ढीग, आणि स्वेटरभर दोऱ्याचे तुकडे चिकटलेला एक म्हातारा शिंपी, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा.

त्यानं चेन पाहिली आणि सगळी उसवून नवी लावायची तयारी केली. ताईंनी त्याचा हात धरला. चेन चांगली होती, ती ओढायचा रनर तेवढा सैल झाला होता. पक्कडीनं दाबला की काम झालं. तो त्याच्या भाषेत नाही म्हणाला, ताई 'हूं' म्हणाल्या. बॅग थोडा वेळ इकडून तिकडे ओढली गेली. माझा तवा खाली पडला. शेवटी रनर दाबला, चेन बसली, आणि दोघंही आपलंच खरं झाल्यासारखी हसली. त्यानं कॉफी केली. ताई कॉफी पिता पिता त्याच्या पँटकडे बघत होत्या. मागे झोळ, पुढे चुण्या, पट्ट्यानं आवळून कशीबशी उभी. शिंप्याची स्वतःची पँट जगात कुठेच धड नसते. ताईंनी कप ठेवला, तोंडात टाचण्या घेतल्या आणि खूण केली: उभे राहा.

नेमका तेव्हाच आमचा फोन गेला.

'आमचा' म्हणजे पुतण्याचा. दुसऱ्या दिवशी दुकानाचं उद्घाटन, म्हणून त्यानं आम्हा शेजाऱ्यांना हॉलमध्ये बोलावलं होतं आणि सगळ्यांसमोर आत्याला आनंदाचा धक्का द्यायचा बेत होता. ताईंनी टेप न सोडता कोपरानं फोन उचलला आणि तेलाच्या डब्याला टेकवला. इकडे पडदाभर ती कंबर.

"अगंबाई, हा कोण?" वहिनी.

"आधी हात काढ तिथून!" साहेब सोफ्यावरून ओरडले. उठले मात्र नाहीत.

"हूं," ताई म्हणाल्या, आणि टेप आणखी आवळली.

विषय बदलायला पुतण्यानं फोन घेतला आणि पुढच्या खोलीच्या दाराशी धावला, आम्ही त्याच्या मागे. "आत्या, सोड ते, हे बघ सरप्राइज!" पिवळ्याधमक भिंती, काचेच्या फळ्या, त्यावर कव्हरं. ताईंच्या खुंट्या नाहीत, आरसा नाही. ताईंचे हात सुटले; तिकडे त्या गृहस्थानं आपली पँट आपणच धरली. ताईंनी एकेक टाचणी तोंडातून काढून त्याच्या बाहीत खोचली. आम्ही मोजल्या नाहीत, पण बराच वेळ लागला.

"मशीन?"

"जिन्याखाली. एकदम सेफ. नीट मावलं."

"कापायचं टेबल?"

"त्याचंच तर काउंटर केलंय! वर सनमायका."

"मापाचे कपडे?"

"कुठले गं?"

"खुंट्यांवरची गाठोडी."

"त्या चिंध्या होय? रंगाऱ्याला दिल्या, हात पुसायला. मस्त उपयोग झाला."

आता हे समजून घ्या. टाचणीताई कधी कुणाचं माप लिहून ठेवत नाहीत. पहिल्यांदा येताना आपल्याला नीट बसणारा एक कपडा द्यायचा, तो गाठोड्यात बांधून खुंटीला. पुढचं सगळं शिवणं त्या मापानं. माझी खुंटीवरची कुर्ती लग्नाआधीची. ताई आजवर तिच्या मापानं शिवत आल्या आणि ते मला आजवर होत आलं. कसं, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्या मौनावर आमची अख्खी गल्ली सुखानं नांदत होती. साहेबांची कचेरीत लागतानाची पँटसुद्धा त्या खुंट्यांतच होती.

"म्हणजे आता सगळ्यांची नव्यानं मापं?" पार्लरवालीचा आवाज चिरकला.

ड्रिलमास्तरांनी पोट आत घेतलं आणि तसेच श्वास धरून उभे राहिले. एका मिनिटापूर्वी ताईंच्या अब्रूची काळजी करणारी सगळी माणसं पुतण्याकडे वळली. "अक्कल गहाण टाकली होतीस का रे?" "बाईंना विचारलंस तरी?" "खोली काय तुझ्या बापाची?" शेवटचा प्रश्न बाप समोर बसलेला असताना जरा चुकीचा होता, पण बापानं पेपर उभा केला. तोवर ताईंनी फोन बंद केला होता.

पुढचं ताईंनी मला नंतर सांगितलं. त्या तिथेच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. कोपऱ्यात झाकलेलं दुसरं मशीन होतं. म्हाताऱ्यानं त्याचं फडकं काढलं आणि स्टूल पुढे सरकवलं. ताई बसल्या. त्याला ढिगातली दुसरी चढवायला लावून त्याचीच पँट हातात घेतली.

"अगं, आठवडाभर बाकांवर बसत होते, पण खरी बसले ती तिथे," त्या म्हणाल्या. "आणि बसल्यावर मनात आलं, परत जायचं ते कुठे? घरी जाणं म्हणजे आपल्या जागेवर जाऊन बसणं. जागाच नसेल तर मी कुणाकडे चाललेय, पाहुणी म्हणून?"

त्यानं मशीनकडे बोट केलं, मग ताईंकडे, आणि तळहात पसरला. ताईंना वाटलं, राहा म्हणतोय. मला विचाराल तर तो एवढंच म्हणत असेल, दुसरा पाय पण शिवा. पण बाईंनी त्यावर खूप विचार केला. राहिलं तर काय बिघडेल? इथे मशीन होतं, ढीग होता, भांडायला बरोबरीचा माणूस होता. पण खोली सोडून दिली तर ती गेलीच. वडिलांनी दिलेली एकच गोष्ट, आणि तीही कव्हरांच्या घशात. पँट पुरी झाली. म्हाताऱ्यानं ती घालून आरशापुढे गिरकी घेतली, मागून पाहिलं, पुढून पाहिलं, काहीतरी लांबलचक बोलला. ताई म्हणाल्या, "हं." मग त्यानंच घड्याळ दाखवलं, बॅग उचलून पायऱ्या चढला आणि त्यांना गाडीत बसवून दिलं.

विमानतळावरून ताईंनी फोन लावला तेव्हा आम्ही सगळे हॉलमध्येच होतो. जेवायला घरी गेले तेही वाटेत बातमी वाटून परत आले होते. अशा वेळी शेजारधर्म मोडवत नाही. वहिनी रडकुंडीला आलेल्या: नणंद आलीच नाही तर गल्लीची मापं कोण घेणार, आणि गल्ली आपली किती मापं काढेल? पुतण्यानं फोनचा आवाज मोठा केला. साहेबांनी घसा खाकरला. भाषण तयार होतं.

"हे बघ, झालं ते झालं. पोरानं दुकान मांडलंय, ते आता मोडता येणार नाही. तुझं वय आरामाचं. आता तर तू जग पाहिलंस. जग पाहिलेल्या माणसानं एका खोलीसाठी हट्ट धरू नये. चार माणसांच्या घरात प्रत्येकानं थोडं सरकून घ्यावं लागतं."

विमानतळाच्या गलक्यातून ताई म्हणाल्या, "बरोबर बोललास दादा. मी सकाळी पोचते, तोवर तू सरक. मशीन आता हॉलमध्ये लागेल. ते जिन्याखाली मावलं म्हणता ना, मग तुझा सोफाही मावेल."