थकेल्याच्या सुट्टीसाठी

"अबे, झोपू द्या रे त्याले कोणी! चार दिवसांपासून डोया नाई लागला त्याचा!"

रिसोडच्या धान्य यार्डात, सोयाबीनच्या ढिगाशेजारी उभे राहून काका ओरडत होते. दीडशे माणसं घाबरून इकडेतिकडे बघू लागली. कोण पडलं? कोणाला झालं काय? एका हमालाने तर पाण्याची बाटली उघडून धरली. मग कळलं, की ज्याला झोप नव्हती तो माणूस काकांच्या हातातल्या पुस्तकात होता. भाग सहावा. पेशाने भाडोत्री मारेकरी.

मंडळी, हे काका यार्डात हर्रास पुकारायचे. हर्रास म्हणजे धान्याचा लिलाव. आवाज असा, की यांनी रिसोडात "एक वार!" म्हटलं की तिकडे अनसिंगच्या एसटी स्टँडावरची माणसं गाडी आली समजून पिशव्या उचलायची. मी काही वाढवून सांगत नाही. फार तर एखादी पिशवी कमीजास्त.

मी गावातल्या वाचनालयाचा ग्रंथपाल. दुपारी एक ढीग संपून दुसरा लागेपर्यंत काका आमच्याकडे येत आणि त्या मारेकऱ्याचा पुढचा भाग मागत. मोठी मालिका होती. त्यातला माणूस खून करकरून इतका दमलेला, की बंदूक जोडतानाही त्याला जांभया येत. काकांनी त्याचं नाव पाडलं 'थकेला', आणि साऱ्या तालुक्यात तेच चाललं.

पुस्तक परत करताना काका हर्राशीच्या चिठ्ठीच्या कोऱ्या बाजूवर आपलं मत लिहीत आणि शेवटच्या पानाला डिंकाने चिकटवत. "भाग चौथा. माल वाळलेला. तळाशी थोडी माती. घ्याले हरकत नाई." हे बघून बाकीच्यांनाही चेव आला. एका एसटी कंडक्टरने खाली लिहिलं, "खून सगळे पटले. पण एकही गाडी उशिरा सुटत नाही, हे पटलं नाही." अनसिंगच्या एका शिक्षिकाबाईंनी लिहिलं, "पाच भाग झाले, हा माणूस एकदाही धड जेवला नाही. लेखकाला घरी कोणी विचारत नाही का?" एका शेतकऱ्याने तर निकालच लावला, "याले विळा देऊन आठ दिवस सोयाबीन सोंगाले पाठवा. मंग समजन थकवा काय असते." दहाव्या भागापर्यंत पुस्तक पातळ आणि चिठ्ठ्या जाड अशी अवस्था झाली.

एक दिवस काका आले ते कुजबुजतच. मला वाटलं, कोणी वारलं. पण त्यांचा घसाच बसला होता. डॉक्टरांनी ओरडायला बंदी केली होती. हंगाम संपला की काम सोडायचं ठरलं होतं.

"भाऊ, अकरावा भाग कधी येते?" त्यांनी विचारलं.

"शेवटचा आहे म्हणतात. मागवू की."

"लवकर मागव. त्यालेबी काम सोडाचं हाय, मलेबी. त्याले सुट्टी भेटते का नाई, तेवढं पाहाचं हाय." हे म्हणताना ते माझ्याकडे नव्हे, खिडकीबाहेर बघत होते.

आणि नेमकं तेव्हाच आमच्या अध्यक्षांनी ठराव आणला. अध्यक्ष म्हणजे यार्डातले मोठे धान्य व्यापारी, सगळे त्यांना शेठ म्हणतात. ठराव असा, की खूनखराब्याचे दहाही भाग काढून टाकायचे आणि अकरावा मागवायचा नाही.

वार्षिक सभेला एरवी कोरमसाठी शेजारच्या दुकानातून माणसं आणावी लागतात. त्या दिवशी खिडक्यांच्या गजांना माणसं लटकली होती.

"भाड्यानं मुडदे पाडणारा माणूस आपल्या पोरांनी वाचायचा?" शेठ गरजले.

काका उठले. आवाज खरखरीत. "शेठ, पोरं कुठं वाचते? वाचतो आमी. सगळे पन्नाशीच्या पुढचे. आता बिघडून बिघडून किती बिघडू?"

हशा झाला, पण शेठ हलेनात. अर्धी सभा यार्डातल्या व्यापाऱ्यांची होती, आणि ती शेठांच्या तोंडाकडे बघत होती. आपण हरतोय, हे मला दिसत होतं. काकांनाही दिसलं असावं. त्यांनी दहाही पुस्तकं उचलून टेबलावर ढीग केला, घसा खाकरला आणि डॉक्टरची बंदी मोडली.

"माल बघून घ्या हो! मालिका ठेवणार, अकरावा भाग मागवणार! बोला, कोण घेते? एक वार!"

भिंतीवरच्या तसबिरी हलल्या. समोरच्या रांगेतून एक बोट वर गेलं. ते नेमकं शेठांच्या दुकानासमोरच्या व्यापाऱ्याचं. तीस वर्षांत शेठांनी या गृहस्थाला एक ढीग सुखाने घेऊ दिला नव्हता.

"दोन वार!"

शेठांचं बोट आपोआप वर गेलं. नुसतं वर नाही, समोरच्यापेक्षा वीतभर वर.

"तीन वार! शेठचा माल!" काकांनी टेबलावर असा हात मारला, की माझी शाईची बाटली इतिवृत्तावर आडवी झाली.

शेठ भानावर आले. "अरे, म्या तं सवयीनं…"

"यार्डात बोट वर गेलं की माल उचलाच लागते, शेठ!" मागून व्यापारीच ओरडले. शेठांनी शब्द मोडल्याचं आजवर कोणी ऐकलेलं नव्हतं. त्यांनी लालेलाल होऊन स्वतःच ठराव फाडला. हमालांनी काकांना उचललं. त्यानंतर आठ दिवस काकांच्या घशातून हुं की चूं निघालं नाही, पण चेहरा असा, की साऱ्या तालुक्याचा ढीग एकट्याने घेतलाय.

अकरावा भाग आला. पहिला मान काकांचा. ते पुस्तक घेऊन, काम सोडून, अनसिंगकडच्या आपल्या गावी राहायला गेले. यार्डात आता लाउडस्पीकरचा भोंगा हर्रास पुकारतो. त्याला पुस्तकांतलं काही कळत नाही.

इकडे शेठांनी, आपलाच माल कसा आहे बघावा म्हणून पहिला भाग नेला होता. तीन आठवड्यांत दहा भाग झाले. मग मला रोज फोन, "अकरावा कुठं हाय?" शेवटी त्यांनी मला स्वतःची गाडी देऊन काकांकडे पाठवलं.

काका अंगणात बाजेवर पालथे पडले होते. समोर पुस्तक उघडं, त्यावर चष्मा.

म्हटलं, "काका, दोन महिने झाले. शेठ जेवत नाहीत. थकेल्याला सुट्टी मिळाली का नाही, तेवढं तरी सांगा."

काकांनी चष्मा लावला, पान बघितलं.

"पंधरा पानं रायली," ते म्हणाले. "घाई नाई."