तोंड उघडलं नाही

नियंत्रण रेषेजवळ, देवदारांच्या उतारावर आमची पोस्ट होती. आम्ही अकरा जण. पहाटे साडेचारला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यात उभं राहायचं, सहाला चहा, मग पेट्रोल, म्हणजे गस्त. माझ्याकडं रेडिओ सेट असायचा. रायफल सगळ्यांकडंच असते; सेटवाल्याचं खरं हत्यार त्याचं तोंड. माझं हत्यार ऐन वेळी चाललं नाही. आज गावात कुणी मला ‘दात दुखून कोण मरतंय?’ असं विचारलं की माझी कानशिलं तापतात. माणूस मेलाय. दात माझा होता.

सेक्शन कमांडर हवालदार महालिंग कोरे तेरचे. मी सास्तूरचा. जिल्हा एक, म्हणून ते मला नावानं कधी बोलवायचे नाहीत, ‘सास्तूर’ म्हणायचे. मी त्यांना उस्ताद म्हणायचो.

सुरुवात गार पाण्यानं झाली. खालची डावी दाढ. गार लागलं की कळ, घोट उतरला की बंद. तेव्हाच डॉक्टरकडं गेलो असतो तर कीड कोरून सिमेंट भरून भागलं असतं. मग गरम चहानं दुखायला लागलं आणि चहा संपला तरी ठणका पाव तास राहायला लागला. पुढं काही न खाता-पिता दुखायचं. आडवं झालं की जास्त. म्हणजे आतली नस सुजली होती आणि रूट कॅनालची वेळ झाली होती. मला हे माहीत नव्हतं. मी गोळ्या खाल्ल्या, लवंग धरली. सिक रिपोर्ट केला नाही, म्हणजे आजारी म्हणून नाव दिलं नाही. दातासाठी पोस्ट सोडून खाली जाणाऱ्याला पोरं काय काय म्हणतात ते पलटणीत राहिलेल्याला विचारा.

रजेवर आलो तेव्हा चुलती म्हणाली, “डॉक्टर दात उपटंल. आपल्याकडं कीड काढणारा हाय की.”

बाजाराच्या दिवशी गेलो. म्हाताऱ्यानं तापलेल्या लोखंडावर रिंगणीचं बी तेलात टाकलं, नळीनं धूर माझ्या दाढेवर सोडला आणि वाटीतल्या पाण्यात मला पांढऱ्या किडी दाखवल्या. पाच-सहा होत्या.

“बघा फौजी, लई जुनी वस्ती होती,” तो म्हणाला. चुलती हसली. मीही हसलो.

त्या किडी नव्हत्या. भाजलेल्या बियांतले कोंब होते ते. दाढेत वळवळणारी कीड नसतेच. हा खेळ आपल्या जिल्ह्यात आजही भर बाजारात चालतो आणि शिकलेली माणसं रांग लावतात!

पण तिसऱ्या दिवशी दाढ दुखायची थांबली. मी पोस्टवर सगळ्यांना सांगत सुटलो. नस मेली होती, म्हणून दुखणं थांबलं होतं. मेलेली नस आत कुजत होती.

महिन्याभरानं चावताना दाढ उंच लागायला लागली. हिरडीवर पुळी आली. मग गाल सुजला. थंडीचे दिवस, मफलरखाली सूज झाकली. उस्तादांनी तीनदा विचारलं.

“सास्तूर, दात कसाय?”

“ठीक है, उस्ताद.”

त्या सकाळी अंगात ताप होता. तोंड एक बोट मावेल एवढंच उघडत होतं. चहा ओठांच्या कोपऱ्यातून ओघळला. उस्तादांनी तिसऱ्यांदा विचारलं ते तेव्हाच. मी ‘ठीक है’ म्हणून मान हलवली. सहा दहाला निघालो. आम्ही सहा जण नाल्यात, मशीनगनसह चौघं वरच्या धारेवर, एक पोस्टवर. धारेवरच्यांना आम्ही दिसत होतो, पण नाल्याच्या कडेच्या दगडांत कोण कुठं दडलंय ते दिसत नव्हतं. कुठं मारायचं ते मी सेटवर सांगायचं.

सात वाजायच्या आत फायर आला. पहिल्या फैरीत पुढच्या जवानाची मांडी फुटली. तो ओरडत होता. समोर दोघं होते. उस्तादांनी एकाला ग्रेनेडनं उडवलं, दुसऱ्याला पोरांनी टिपलं. मग उजवीकडून तिसऱ्यानं सुरुवात केली. जळक्या देवदाराजवळच्या मोठ्या दगडाआड होता. मांडी फुटलेल्या पोराभोवती माती उडत होती. तो तिसरा फक्त मला दिसत होता, पण दगडाआड माझी गोळी पोचत नव्हती.

मी हँडसेट दाबला. जबडा हलला नाही. घशातून नुसता आवाज आला.

“से अगेन, ओव्हर,” सेटवर धारेवरून आलं.

पुन्हा दाबला.

“से अगेन. समझ नहीं आया. किधर? ओव्हर.”

मी रायफलीचं बेयोनेट काढलं, टोक दातांच्या फटीत घातलं आणि जोर लावला. ओठ फाटला, हिरडी फाटली, तोंडात रक्त आणि पू आला. जबडा तेवढाच राहिला. मी मुठीनं स्वतःच्या गालावर मारत होतो.

उस्तादांनी मागं वळून पाहिलं. माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग उघड्यावरून बारा पावलं सरपटत माझ्याकडं आले, माझ्या जागेवरून तिसऱ्याला पाहिलं आणि हँडसेट हिसकावला.

“जला हुआ देवदार. दाहिने पचास. बड़ा पत्थर. फायर.”

‘फायर’ म्हणताना गोळी त्यांच्या गळ्यातून गेली. वरून मशीनगन सुरू झाली. दगडाआडचा माणूस बाहेर फेकला गेला, तरी गन थांबली नाही. मी उस्तादांचा गळा दाबून धरला होता. दुसऱ्या एका गोळीनं माझ्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. ते मला नंतर कळलं. सात बाराला उस्ताद गेले. मांडी फुटलेला पोरगा वाचला.

हॉस्पिटलात दातांच्या डॉक्टर मेजर मॅडमनी आधी पू काढला. म्हणाल्या, “सूज गळ्यात उतरत होती. आणखी दोन दिवसांत श्वास बंद झाला असता. नुसत्या गोळ्यांनी हे बरं होत नाही.” तोंड उघडायला लागल्यावर जागा सुन्न करून दाढेला भोक पाडलं, बारीक सुयांनी मुळांतली घाण काढली, मुळं भरली, नंतर वर टोपी बसवली. दुखलं नाही. ज्याला भिऊन मी धूर घेतला, ते तीन बैठकांचं काम होतं.

बोटांमुळं मेडिकल बोर्डानं मला घरी पाठवलं. मी आधी तेरला गेलो. उस्तादांच्या पत्नी शारदावहिनींना सगळं सांगितलं, दाढेपासून.

“त्यांनी इचारलं न्हाय का तुला?” वहिनी म्हणाल्या.

“विचारलं. तीनदा.”

“आन् तू?”

“ठीक है म्हणालो.”

त्यांनी माझा डावा हात उलटा करून बघितला. मग म्हणाल्या, “हितं मला सांगून काय उपेग? बाजारात सांग. त्यांचं नाव घेऊन सांग. तुझं बी.”

म्हणून गावातली आम्ही चार पोरं पत्रकं घेऊन बाजारोबाजार फिरतो. कीड काढणाऱ्याच्या समोरच उभं राहतो. शिव्या खातो, एकदा तामलवाडीत मारही खाल्ला. परवा सास्तूरला एक बाप्या सुजला गाल घेऊन धुराच्या रांगेत उभा होता. त्याला बाजूला घेतलं.

“आता दुखत न्हाय बाबा,” तो म्हणाला. “बरी झालीय दाढ. सूज तेवढी धुरानं काढायचीय.”

“हवालदार महालिंग कोरे, तेर,” मी म्हणालो.

“कोण ते?”

“सांगतो, गाडीवर बसा. दवाखान्यापर्यंत सगळं सांगतो. आधी तोंड उघडा. किती उघडतंय ते बघू द्या.”