पोस्टाच्या पाटीवरचा पडदा

सरकारी इमारतीला कुणा पुढाऱ्याचं नाव द्यायचं ठरलं, की सभागृहात विधेयक येतं, भाषणं होतात, बाकं बडवली जातात. सगळं पार पडलं की बांधकाम कचेरीतले साहेब पडदेवाल्या काकूंचं दार ठोठावतात. कारण नाव कितीही मोठं असो, आधी त्याला झाकावं लागतं. ते झाकायचं कापड शिवणं हा काकूंचा धंदा. गावातल्या निम्म्या पाट्या त्यांच्या पडद्याआडून बाहेर आल्या आहेत.

पण वाचनालयाच्या वेळी घात झाला. हौसेनं काकूंनी दोराला रेशमी गोंडा लावला, आणि ऐन वेळी तो कडीत अडकला. मंत्र्यांनी जोर लावला तसा दांडीसकट पडदा त्यांच्या डोक्यावर आला. टाळ्या मात्र पडल्या. मागच्यांना वाटलं, झालं उद्घाटन.

तेव्हापासून नणंदेला विषय मिळाला. घरी आली की खिडकीशी जाऊन म्हणायची, "वहिनी, हा ओढू ना? की आधी डोक्यावर पातेलं घेऊ?" काकू हसत, पण ते लागायचं. स्वतःच्या घरात मात्र नणंद बाजारचे तयार पडदे लावायची, तेही मुद्दाम बोलावून दाखवायची.

म्हणून पोस्टाचं काम आलं तेव्हा काकूंनी मनाशी गाठच मारली : पडदा एका ओढीत सरकला पाहिजे. साहेबांनी बजावलंही, "काकू, आता चुकलं तर माझाही इलाज नाही."

शिवताना त्यांनी दोन्ही काठांना वीतभर जास्तीचं कापड आत दुमडून ठेवलं. नवरा म्हणाला, "अगं, पाटी काय शाळेत जाणार आहे, वाढायला?"

"तीन पोरांचे गणवेश शिवलेत मी," काकू म्हणाल्या. "नेमकं मापात कापायला हात धजत नाही."

गोंडा यंदा नको, असं त्यांचं मत. साहेबांना शोभा हवी होती. मग काकूंनी तो पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात शिवून टाकला, दोरापासून चार हात लांब.

विधेयक मंजूर होणारच या भरवशावर यंदा पाटी आधीच बसली, पडदा चढला, आणि सभागृहात घोडं अडलं. एक बाजू म्हणे आमच्या नेत्याचं नाव, दुसरी म्हणे मग आमच्या बाईंनी काय पाप केलं? विधेयक या समितीतून त्या समितीत. एका दिवसासाठी शिवलेला पडदा उन्हाळा-पावसाळा तिथंच लटकत राहिला. लोक त्याखालून पाकिटं घेऊन जात-येत. डाळिंबी रंग उडून पाणचट चहासारखा झाला.

काकूंच्या जिवाला घोर. कड्या गंजल्या तर? दर आठवड्याला त्या मेणबत्तीचा तुकडा घेऊन जायच्या, स्टुलावर चढून दांडीला मेण चोळायच्या. पण सरकवून बघायची सोय नाही. कायदा होण्याआधी नाव दिसणं म्हणजे सभागृहाचा अपमान.

पोस्टमास्तर भला माणूस. तो पाठ फिरवून उभा राहायचा. "मी शिक्के मोजतोय हं काकू. मला काही दिसत नाही."

काकू बोटभरच सरकवायच्या. एवढ्या महिन्यांत त्यांनी त्या थोर माणसाचं पहिलं अक्षर तेवढं पाहिलं होतं.

शेवटी तडजोड झाली : दोघांचीही नावं, एकाच ओळीत. कायदा झाला, नवी पाटी आली ती आधीच्यापेक्षा हातभर लांब. साहेब घाम पुसत आले. "काकू, पडदा अपुरा पडतोय! बाजारातून तयार आणू का?"

"उतरवून द्या," काकू म्हणाल्या. त्यांनी आत दुमडलेलं कापड उसवलं. पडदा पुरला, पण उन्हात न गेलेल्या त्या पट्ट्या दोन्ही बाजूंना लखलखीत डाळिंबी. साहेब मात्र निरखून म्हणाले, "वा! काठ झकास लावलेत." काकूंनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

कार्यक्रमाला नणंदही आली, पहिल्या रांगेत. दोर ओढायला त्या दिवंगत नेत्याची बहीण उभी राहिली. म्हातारी, हात थरथरणारे. काकूंना वाटलं, ही जोर कुठून लावणार? हिला चार लोकांत अडकवलं तर आपल्याला तोंड दाखवायला जागा नाही.

म्हातारीनं दोर दोन बोटांत धरला, जेमतेम ओढला. लोण्यावरून सुरी जावी तसा पडदा सरकला. इतका अलगद, की तिला वाटलं अजून व्हायचंच आहे. ती दोर धरून वाट पाहत राहिली. टाळ्या ऐकून तिनं वर बघितलं, भावाचं नाव दिसलं, तेव्हा चेहरा उजळला.

"बाई गं, मला तर काहीच करावं लागलं नाही," ती म्हणाली. काकूंना याहून मोठी शाबासकी नको होती.

परतताना नणंद काकूंबरोबर चालत निघाली. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, "वहिनी, आमच्या दर्शनी खिडकीचं माप घ्यायला कधी येशील?"

"का गं? तुझे तयार पडदे?"

"अडकतात मेले," नणंद म्हणाली. "आणि काठ तस्सेच गडद हवेत हं मला."

काकू हो म्हणाल्या. मग घरापर्यंत विचार करत राहिल्या, की आता नवं कापड वर्षभर उन्हात घालायचं तरी कुठं.