कुलूपबंद घरातला एकशे सत्तेचाळीस

हवा खायला चिंचणीला येणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. हवा ऐकणारा माणूस मात्र उभ्या पालघर जिल्ह्यात एकच, आणि ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. बोईसरच्या एका कारखान्यात जन्मभर मापकयंत्रं दुरुस्त करून निवृत्त झाले, तेव्हापासून लॅपटॉपला बिनतारी संदेश पकडणारा एक बोटाएवढा डोंगल खुपसून, त्याची तार मामींच्या कपड्यांच्या दांडीला बांधून ते ओटीवर बसलेले असतात. हल्ली बऱ्याच घरांत तापमान दाखवणारं छोटं यंत्र असतं. त्याचा सेन्सर दर मिनिटाला तिथली उष्णता, दमटपणा आणि स्वतःचा नंबर बिनतारी सांगत राहतो. सांगतो घरच्यांना, ऐकतात मामा. "हवेत सगळं उघडंच पडलंय, जावईबापू. आमी नुसता कान दिलाय," असं ते म्हणतात. मामींचं मत निराळं. "लोकांच्या घरातला घाम कळतो यांना. आपल्या घरातला गॅस संपलेला नाय कळत!"

कोळणी बोंबील वाळत घालण्याआधी ओटीपाशी थांबून विचारतात, "मामा, घालू का?" मामा पडद्याकडे बघून "दमट हाय, जेवण उरकून ये," म्हणतात, आणि ते कधी चुकत नाही. एकदा समोरून जाणाऱ्या एका गाडीवाल्याला हाक मारून त्यांनी सांगितलं की मागचा उजवा टायर उतरतोय. टायरमधला सेन्सरही बोलतो म्हणे! बिचाऱ्याने उतरून पाहिलं, खरंच निघालं, तर आभार मानायचे सोडून तो घाबरून पळाला. पण माझ्या अंगावर काटा आला तो निराळ्याच वेळी. चहा पिता पिता मामा सहज म्हणाले, "पासष्ट नंबरवाली एकटी पडली वाटतं. सकाळी न्हाणीघरात दोनदा वाफ व्हायची, आता एकदाच होते." दोन दिवसांनी कळलं, त्या बाईंचा नवरा कामासाठी परगावी गेला होता. हे बाईंच्या कानावर गेलं तसा त्यांनी सेन्सर उचलून तांदळाच्या पत्र्याच्या डब्यात कोंबला. पासष्ट कायमचा मुका झाला.

एकशे सत्तेचाळीस होता मास्तरांचा. मास्तर म्हणजे मामांचे बालमित्र, समोरच्या कौलारू घरात एकटे राहणारे निवृत्त शिक्षक. रोज चारला चहा टाकून ते खिडकीतून ओरडायचे, "माझं घर तुझ्यापेक्षा अर्धी डिग्री थंड हाय, लिही!" आणि मग दोघे पत्त्यांना बसायचे. गेल्या वर्षी मास्तर अचानक गेले. मामा अंत्ययात्रेला गेले नाहीत. तिरडी उचलली जात असताना ते पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे बघा, एकशे सत्तेचाळीस चालू हाय." मास्तरांच्या मुलाने पुढच्या-मागच्या दारांना एकाच किल्लीची कुलपं लावली, ती किल्ली मामींकडे दिली आणि तो परत गेला. सेन्सर आत राहिला. ते रिकामं घर दर मिनिटाला बोलत राहिलं, आणि रोज बरोबर चारला त्याचं तापमान दीड डिग्रीने चढायचं. मी डोळ्यांनी पाहिलंय. समोर गंजत चाललेलं कुलूप, आणि पडद्यावर चढता आकडा. मामा पत्ते पिसता पिसता म्हणायचे, "चहा टाकला बघा." मी उगाचच हसायचो. त्या खिडकीकडे बघायची मात्र माझी छाती होत नसे.

मग एके दिवशी त्या नंबरापुढे 'बॅटरी कमी' अशी सूचना येऊ लागली. मामांनी ओटी सोडली नाही, जेवणही ते ओटीवरच मागवू लागले आणि तसंच परत पाठवू लागले. मामींनी मला स्वयंपाकघरात बोलावून किल्ली हातात दिली. "तुमीच बघा काय ते. तो नंबर गेला तर या माणसाचं काय खरं नाय."

मी नवे सेल घेऊन, मामांना दिसू नये म्हणून मागच्या दाराने मास्तरांच्या घरात शिरलो. चार वाजत आले होते. कोंदट वास, टेबलावर चष्मा, आणि काय सांगू, माझ्या डोळ्यांदेखत छपरातल्या काचेच्या कौलातून उन्हाचा एक पट्टा सरकत आला आणि फळीवरच्या सेन्सरवर येऊन थांबला. एवढंच होतं ते! मला हायसं वाटलं आणि का कोण जाणे, वाईटही वाटलं. मी घाईघाईने सेल बदलले आणि मोठं पुण्य केल्याच्या थाटात ओटीवर परतलो.

मामा पडद्याकडे बघत होते. एकशे सत्तेचाळीस गप्प होता. खाली दोनशे तीन नावाचा कुणी नवखा बोलू लागला होता.

"सेल बदलले?"

"हो मामा. संपत आले होते ना."

"सेल बदलले की ते नवा नंबर घेतं. जुना परत येत नाय. म्हणून तर मी हात लावला नव्हता, जावईबापू."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या हातातून किल्ली घेतली आणि वर्षभरात पहिल्यांदाच रस्ता ओलांडला. मी मागोमाग गेलो, पण मास्तरांच्या दारातच थांबलो. मामा आत गेले, मास्तरांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. बाहेर आले, कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

"गेला," ते म्हणाले.

मला त्यांच्याकडे बघवेना. घरी येऊन त्यांनी लॅपटॉप मिटला, चपला बाहेरच काढल्या, आणि उंबरठा न ओलांडता मामींना हाक मारून आंघोळीचं पाणी काढायला सांगितलं.