कांद्याचा पापुद्रा

आज कांदा चिरताना आतला पातळ पापुद्रा बोटाला चिकटला आणि मी विळीवरच थांबले. प्लेगच्या आधीची, गिरगावातल्या आमच्या चाळीतली एक दुपार आठवली.

माझं लग्न नुकतंच झालेलं. धाकटे दीर डॉक्टरी शिकत होते. त्यांनी कॉलेजातून सूक्ष्मदर्शक यंत्र मागून आणलं होतं, ते संध्याकाळी परत जायचं होतं. पुरेसा उजेड फक्त गॅलरीत, आणि तिथे मामंजी वर्तमानपत्र वाचत बसलेले. त्यांच्यासमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. तरी मला बघायचंच होतं.

काचेवर असाच पापुद्रा होता, आयोडिनने पिवळा झालेला. डोक्यावरचा पदर घट्ट ओढून मी वाकले. सगळा अंधार.

"वहिनी, खालच्या आरशावर तुमचा पदर आलाय. उजेड येणार कुठून?" भाऊजी हसले.

सावरला तरी पदर घसरून पुन्हा तिथेच येई. शेवटी मी तो डोक्यावरून काढला आणि कमरेला खोचला. आज लिहायला सोपं वाटतं. तेव्हा कानशिलं तापली होती.

"अगो, हे समोर बसलेत!" दारातून सासूबाई ओरडल्या.

"बघू द्या मला," मी म्हणाले. मान वर केली नाही.

मग दिसलं. भिंतीला भिंत लावून ओळीने घरं, आणि एकेका घरात एक गडद ठिपका. रोज हाताखालून जाणाऱ्या कांद्यात एवढी वस्ती!

वर्तमानपत्राची सळसळ थांबली. "काय दिसतंय, सूनबाई?"

"घरं," मी म्हटलं.

"सरका आता, वहिनी. बाबांना बघू दे."

"थांबा भाऊजी," मी म्हटलं, "माझं अजून व्हायचंय."