जवाची माडी

साहेबाची बिअर आमच्या विहिरीत लटकत असे. काथ्याच्या जाळीत दोन बाटल्या, जेमतेम पाण्यात बुडतील अशा. पाणी शेंदायला गेलं की कळशी आधी त्यांच्यावर आपटायची आणि बायको माझ्या नावानं खडे फोडायची. मी सकाळी सातला घर सोडायचो, संध्याकाळी परतायचो आणि दोन्ही वेळा ऐकून घ्यायचो. त्या दिवसांत मला सगळ्याचाच कंटाळा आला होता.

साहेब सर्बियाचा. कागदावर युगोस्लाव्हिया लिहिलेलं, पण कोणी तसं म्हटलं की तो दुरुस्ती करायचा. मांडव्याला धक्क्याचं काम निघालं, त्यावर तो इंजिनिअर होता आणि मी तिथल्या कचेरीत कारकून. थोडंफार इंग्रजी येणारा मीच, म्हणून त्याला जागा शोधून देणंही माझ्याच गळ्यात पडलं. दुसरी मिळेना, तेव्हा नागावच्या आमच्याच घराच्या पुढच्या दोन खोल्या दिल्या. दिवसभर त्याचं बोलणं मुकादमाला मराठीत सांगायचं आणि घरी आल्यावर पुन्हा तेच, बाबांना. जीभसुद्धा दमते, हे मला तेव्हा कळलं.

बाबांचं आणि त्याचं मात्र पहिल्या आठवड्यातच जमलं. बाबा भंडारी. उभा जन्म माडी काढण्यात गेलेला. माडावर चढायचं, पोय, म्हणजे माडाचा न उमललेला फुलोरा, कापायची, तिला मडकं बांधायचं, भरलं की उतरवायचं. स्वातंत्र्य आलं, मागोमाग दारूबंदी आली आणि ती मडकी परसात पालथी पडली. साहेबाचे वडील त्यांच्या गावच्या बिअरच्या कारखान्यात जवाला मोड आणून ते भाजायच्या कामावर होते. संध्याकाळी दोघं ओटीवर बसायचे आणि मध्ये मी, पाय ठणकत असताना.

"आमच्याकडे गावोगाव कारखाना," साहेब सांगायचा. "शेजारच्या गावची बिअर कोणी तोंडाला लावत नाही. फळांची दारू घरी गाळतात, ती पाहुण्यासाठी. बिअर तहानेसाठी. कामगार जेवतानाही पितात." युद्धानंतर तिकडच्या सरकारनं कारखाने ताब्यात घेतले, पाट्या बदलल्या. तेव्हापासून लोक बिअर पातळ झाली म्हणून कुरकुरतात आणि पितात तीच.

"म्हंजी जवाची माडी," बाबा म्हणाले. "यांच्या सरकारनं कारखाना घेतला, पन प्यायला तरी ठेवली."

हे मी साहेबाला सांगितलं नाही. मला झोप येत होती.

परदेशी म्हणून साहेबाला परमिट होतं. मुंबईहून लाँचनं कोमट बाटल्या यायच्या. ही बिअर साबणासारखी लागते म्हणत तो तोंड वाकडं करून प्यायचा. त्यातला थेंबही दुसऱ्याला देणं गुन्हा होता. परमिटचे कागद मीच टाईप केलेले, त्यामुळे ते कलम मला पाठ होतं.

विहिरीपलीकडे वाडीच्या कोपऱ्यात शेंदूर लावलेला एक दगड होता. तो आमचा राखणदार, वाडी सांभाळणारा. वर्षातून एकदा त्याला कोंबडा, नारळ आणि माडीचा मान द्यायचा, अशी पद्धत. दारूबंदीनंतर बाबा त्याच्यापुढे नीरा ठेवायचे. परवान्याची, चुना लावलेल्या मडक्यातली, आंबू न दिलेली. ठेवताना त्यांचा चेहरा पडायचा. "याला काय च्या पाजतो का मी?" म्हणायचे. गावात चोरून माडी काढणारे होते, पण चोरीचा मान बाबांना चालत नव्हता. त्यातच माडांना भुंगा लागला, एकेक शेंडा वाळत गेला. राखणदार रुसलाय, हे बाबांच्या मनानं घेतलं ते घेतलंच.

त्या वर्षी मानाचा दिवस जवळ आला तेव्हा त्यांनी मला हाक मारली.

"सायबाकडं एक बाटली माग. चोरीची न्हाय, सरकारी शिक्क्याची हाय. आंबलेली बी हाय. राखनदाराला चालंल."

मी घाबरलो. नोकरी जाईल, पोलीस येईल. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा कंटाळाच जास्त होता. तो दगड, तो मान, ते रुसणं, हे सगळं साहेबाला इंग्रजीत समजावायचं या विचारानंच माझं त्राण गेलं. दोन दिवस टाळलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणालो, "विचारलं. नाही म्हणाला."

बाबांनी राखणदारापुढे पुन्हा नीरा ठेवली. त्यानंतर ते ओटीवर साहेबापाशी बसले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. माझी संध्याकाळ मोकळी झाली, आणि लाज वाटते सांगायला, मला बरं वाटलं.

काही महिन्यांनी साहेबाला घरून पत्र आलं. त्याचे वडील गेले होते, त्यालाही महिना उलटला होता. त्या संध्याकाळी त्यानं विहिरीतली एक बाटली वर काढली, पेला भरला आणि पिण्याआधी थोडी बिअर अंगणातल्या मातीवर ओतली. मी बघतच राहिलो.

"गेलेल्याचा वाटा," तो म्हणाला. "आधी त्याला. आणि अशा वेळी पेल्याला पेला लावायचा नाही." मग त्यानं विचारलं, "तुमचे वडील हल्ली बसत नाहीत. माझं काही चुकलं का?"

मी त्याला सगळं सांगितलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, दगडाला दगडच म्हणत. पाच मिनिटंही लागली नाहीत. त्याला एकही गोष्ट समजावून सांगावी लागली नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं दुसरी बाटली वर काढली, सदऱ्यानं पुसली आणि माझ्या हातात दिली.

बाबा मागच्या दारी काथ्या वळत बसले होते. साहेब कधी नाही म्हणालाच नव्हता, मी विचारलंच नव्हतं, हे मी एका दमात बोलून टाकलं. शिव्या खायची तयारी होती.

बाबांनी हातातला काथ्या खाली ठेवला. मग म्हणाले, "नीरा ठेवली तवा मी हात जोडून राखनदाराला सांगितलं व्हतं. 'देवा, तुज्यासाठी मागितली, पन त्या मानसानं न्हाय दिली.' तुजं खोटं मी माज्या तोंडानं त्याला सांगितलं रे."

"चला, आता देऊ," मी म्हणालो.

"मी कुठल्या तोंडानं येऊ? तू जा. वत, आनि खरं काय ते तूच सांग."

मी एकटाच गेलो. विहिरीच्या काठावर ठोकून टोपण उडवलं. दगडापाशी जाऊन बाटली उपडी केली, तसा फेस माझ्या हातावरून शेंदरावर ओघळला. शेवटच्या थेंबापर्यंत ओतली. मागे बाबा दारात येऊन उभे राहिले होते.

"मी विचारलं नव्हतं," मी दगडाला म्हणालो.

"मोठ्यानं बोल," बाबा दारातून म्हणाले. "मला आयकू आलं न्हाय, त्याला काय येनार?"