पश्चिमेच्या भिंतीचे लोखंडी आकडे

“हितलं आकडं कुटं गेलं?”

म्हाताऱ्याने डोक्यावरचा भारा खाली न ठेवताच विचारलं. मे महिना संपत आला होता. त्याच्यामागे चार बायका आणि तीन गडी होते, प्रत्येकाच्या डोक्यावर वाळलेल्या गवताचा नाहीतर कारवीच्या काठ्यांचा भारा. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. सगळे फाटकातून सरळ आत आले, बंगल्याला वळसा घालून मागे पश्चिमेच्या भिंतीपाशी गेले आणि तिथेच थबकले.

“कापले,” मी म्हणालो. “तू कोण?”

“मी नावजी. राजमाचीच्या वाटंवर आमची वाडी हाय. आमी दरसाल हितं ताटी बांदतो. माजा बा बांदायचा, आता मी.”

ताटी म्हणजे कारवीच्या काठ्यांची चौकट, तिच्यावर गवत शाकारलेलं. पावसाळ्याआधी घराच्या अंगावर असा पडदा बांधायची मावळात रीत आहे. ही मला ठाऊक होती, पण झोपड्यांसाठी. दगडी बंगल्याला गवत कशाला?

“बंगला दोन वर्षं बंद होता. तेव्हाही बांधलीस?”

“व्हय. मानसं न्हवती, पर भिंत व्हती की.”

मला हसू आलं. मी त्याला भिंतीजवळ नेलं आणि बोटाने गिलाव्यावर टकटक करून दाखवलं. म्हटलं, हे सिमेंट आहे. यातून पाणी काय, मुंगीसुद्धा आत जाणार नाही. आता ताटीचं काम संपलं. नावजीने भिंतीला तळहात लावला, जिथे आकडे होते त्या जागा चाचपल्या, आणि म्हणाला, “तुमी शिकल्यालं. आमी काय सांगावं.” मंडळी भाऱ्यांसकट परत फिरली. मी कामाला लागलो. त्या माणसाला मी पाणीसुद्धा विचारलं नाही, हे मला नंतर फार लागलं.

ही गोष्ट दुसरी लढाई सुरू व्हायच्या तीन-चार वर्षं आधीची. पुण्यात ओव्हरसियरची परीक्षा देऊन मी एका कंत्राटदाराकडे होतो. सगळे त्यांना अण्णा म्हणत. लोणावळ्याचा हा बंगला माझं पहिलं स्वतंत्र काम. घाटात रेल्वेचं काम चालू असताना कुणा इंग्रज इंजिनीयरने तो बांधलेला. काळ्या दगडाच्या दीड हात जाड भिंती, सांध्यांत भरलेला चुना, वर मंगलोरी कौलं. तो एका डॉक्टरांनी घेतला होता. पुण्याचं बिऱ्हाड मोडून ते बारा महिने राहायला येणार होते. पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना, मागे संसार.

साहेबाचं घर आणि आपला संसार यांचा मेळ घालणं सोपं नसतं. साहेबाचा स्वयंपाक बाहेरच्या शागिर्दपेशात, म्हणजे नोकरांच्या खोल्यांत, होई आणि खानसामा तो छत्री धरून आत आणी. डॉक्टरीणबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “मी काही आमटीचं पातेलं घेऊन अंगणातून पळायची नाही.” म्हणून आम्ही जेवणाच्या मोठ्या दालनात भिंत घालून स्वयंपाकघर केलं. घोड्याच्या सामानाची खोली होती, तिथे धान्याची कोठी केली. न्हाणीघराला मोरी आणि नळ दिला. देवघराला जागा सापडेना, तेव्हा साहेबाच्या पुस्तकांचं भिंतीतलं कपाट देवांना दिलं. पश्चिमेच्या खोलीतली शेकोटीची भट्टी मी बुजवणारच होतो, पण डॉक्टरांच्या मुलीने तिच्यात बाहुल्यांचं घर मांडलं होतं, म्हणून ती राहिली.

मुलगी म्हणजे कुमुद, आठ वर्षांची. तिला दमा. पुण्याच्या बोळातल्या धुळीने तो वाढतो, म्हणून तर डॉक्टरांनी बंगला घेतलेला. तिच्यासाठी पश्चिमेची खोली ठरली. दरीचा वारा, मोठी खिडकी. डॉक्टर मला म्हणाले होते, “बाकी घरात काही उणं-अधिक झालं तर चालेल. ही खोली मात्र नीट करा. तिच्यासाठीच एवढा खटाटोप आहे.”

मीही नीट करायच्याच मागे लागलो. त्या भिंतीला बाहेरून लोखंडी आकड्यांच्या दोन ओळी होत्या, एक पागोळीखाली, एक कमरेच्या उंचीवर. गंजलेले, वेडेवाकडे. आमचे गवंडी पुण्याचे. एक म्हणाला, साहेब कुंड्या टांगत असेल. दुसरा म्हणाला, शिकारीची कातडी वाळत घालत असेल. मी हॅक्सॉने सगळे भिंतीलगत कापून टाकले आणि वरून सिमेंटचा गुळगुळीत गिलावा चढवला. तेव्हा सिमेंटचं आम्हा नव्या पोरांना भारी वेड होतं. बैल जुंपून चुना दळायची घाणी फिरवत बसणं म्हणजे जुनाट माणसांचं काम, असं आम्हाला वाटे. अण्णांनीही येऊन भिंत पाहिली आणि “झकास” म्हणाले.

जुलैच्या मध्याला डॉक्टरांचं कार्ड आलं. एकच ओळ होती: कुमुदची खोली पाहायला यावे.

लोणावळ्याचा पाऊस वरून पडतो अशी बाहेरच्यांची समजूत असते. तो दरीतून वर चढतो आणि घरावर आडवा येऊन आदळतो, दिवसचे दिवस. स्टेशनपासून बंगल्यापर्यंत जाताना माझ्या छत्रीच्या काड्या उलट्या झाल्या.

कुमुदची खोली रिकामी होती. भिंतीला घाम फुटला होता. चुना फुगून पापुद्रे सुटले होते, बुरशीचा वास नाकात बसत होता. कुमुद स्वयंपाकघरात चुलीजवळ लोडाला टेकून बसली होती. प्रत्येक श्वासाला तिचे खांदे वर जात होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसायचा प्रयत्न केला.

“आठ दिवस अशी बसून आहे,” डॉक्टर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “पुण्याची जागा सोडली. हिला आता कुठे नेऊ?”

“मी बघतो,” म्हणालो, आणि त्या खोलीत जाऊन उभा राहिलो. काय बघणार? अण्णांना विचारावं तर त्यांचं उत्तर मला माहीत होतं: वरून डांबर फासा. भर पावसात डांबर धरत नाही हे मलाही कळत होतं.

बराच वेळ भिंतीकडे बघितल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. ओल सगळीकडे होती, पण काही ठिकाणी तांबूस काळे डाग होते आणि ते ओळीत होते. एक ओळ वर, एक कमरेपाशी. मी मोजले. वर सात, खाली सात. तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला.

झालं होतं ते असं. आकड्यांचे दांडे भिंतीत खोलवर गेलेले असतात. मी तोंडं कापली, दांडे आतच राहिले. ते गंजून फुगले, गिलाव्याला केसासारख्या चिरा पडल्या आणि लोखंडाच्या कडेने पाणी आत उतरलं. चुन्याची भिंत पाणी पिते आणि उघडीप मिळाली की सोडून देते. सिमेंटच्या गिलाव्यामागे अडकलेलं पाणी बाहेर जाऊ शकत नाही, मग ते आतल्या बाजूने खोलीत येतं. सत्तर वर्षं ही भिंत कोरडी राहिली, कारण पाऊस तिच्या अंगाला लागतच नव्हता. तो नावजीच्या ताटीला लागत होता. बांधणाऱ्या इंजिनीयरने आकडे त्यासाठीच बसवले होते आणि मी त्यांना कुंड्या टांगायच्या खुंट्या समजलो होतो.

दुसऱ्या दिवशी वाडीवर गेलो. वाटेत दोन ओढे, चिखलात बूट गेले, ते हातात घेतले. नावजी ओटीवर बसून दोर वळत होता. मला बघून उठला नाही आणि आश्चर्यही दाखवलं नाही.

“या सायब. भिंत वली झाली?”

“झाली, आबा.” आबा हा शब्द आपसूक तोंडातून गेला. मे महिन्यात मी या माणसाला अरेतुरे केलं होतं. “माझं चुकलं. डॉक्टरांच्या पोरीला दमा आहे. तिला श्वास घेता येत नाही.”

त्याचा हात थांबला. “पोर हाय व्हय त्या खोलीत? मला वाटलं सायबावानी बैठक आसल.” मग म्हणाला, “तवा सांगाया पायजे हुतं मीबी. पर तुमी त्ये टकाटका वाजवून दाकवलं, म्हनलं आसल काय तरी नवीन.”

“ताट्या मिळतील का?”

“आता गवात वाळल्यालं कुटनं आनू? आखाड लागला.” तो उठला आणि मला घराच्या मागच्या बाजूला घेऊन गेला. त्याच्या कुडाच्या भिंतीवर ताट्या होत्या, एकावर एक, दुहेरी. “तुमच्यासाटी भारं आनल्यालं. परत आनलं, मंग काय करायचं? हिकडंच ताट्या करून चडवल्या. यंदा माज्या घराला दोन दोन सदरं झाल्यात.” घरातून कोणी बाई हसल्याचा आवाज आला. “वरलं काडू. आतलं माजं मला पुरतंय.”

पावसात, आपल्या घरावरच्या ताट्या हा माणूस उतरवत होता, आणि ज्याने त्याला फाटकातून परत पाठवलं त्याच्या चुकीसाठी. मी खाली वाकून एका ताटीला हात घातला. ओल्या गवताला केवढं वजन असतं ते त्या दिवशी कळलं.

आकडे नव्हते, तर नावजीने दुसरी युक्ती केली. बांबूचे सोट जमिनीत पुरले, वर वाशांच्या टोकांना सालीच्या बंदांनी आवळले आणि त्यांच्यावर ताट्या बांधल्या. मी एका ठिकाणी ताटी भिंतीला टेकवायला गेलो तर त्याने माझा हात धरला. “चिकटवू नगा. येक वीत लांब. मदनं वारा गेला पायजे, न्हाईतर ह्येबी तुमच्या शिमिटासारकंच व्हईल.” मी ताटी मागे ओढली. खिडकीसमोर त्याने वर उचलून काठीचा टेका देता येईल अशी वेगळी ताटी केली. उजेड हवा तेवढा घ्यायचा.

मग शेकोटीतल्या बाहुल्या हलवल्या आणि सबंध आठवडा तिथे सुक्या लाकडांचा जाळ ठेवला. मी ती भट्टी बुजवली असती तर कठीण होतं. आत चिकटलेला सगळा चुना मी स्वतः खरवडला. ओल लगेच गेली नाही, पण वाढायची थांबली, आणि बुरशीचा वास गेला. श्रावणात एक दिवस पाहिलं तर कुमुद खिडकीपाशी बसून पाटीवर काहीतरी काढत होती. खांदे हलत नव्हते. मी दारातूनच परत फिरलो. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ओव्हरसियरने ते कोणाला दाखवायचं नसतं.

दसऱ्यानंतर सगळा सिमेंटचा गिलावा छिन्नीने उतरवला. अण्णा म्हणाले, “चांगलं काम तोडतोस?” मी म्हटलं, “वाईट काम तोडतोय.” पुढे महिनाभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. दांडे उकरून काढले, चुन्याची घाणी लावली, चुन्याचाच गिलावा केला आणि लोहाराकडून नवे आकडे करून बसवले. कुठे बसवायचे ते जुन्या भोकांवरून कळत होतं, त्यामुळे नावजीला विचारायची गरज नाही असं मला वाटलं. शहाणपण एका पावसाळ्यात पुरतं येत नाही.

पुढच्या मे महिन्यात भारे घेऊन मंडळी न बोलावता आली. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी आधी सगळ्यांना गूळपाणी दिलं. नावजीने भिंतीला तळहात लावला, मान हलवली आणि खालची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत पाहिली.

“चांगलं हाय. पर कोपऱ्याचा येक कमी हाय.”

“तिथून न्हाणीघराचा पाईप गेलाय, आबा.”

“बरं,” तो म्हणाला आणि भारा सोडायला बसला.

मी पाना आणला आणि आकड्याच्या जागेवरून पाईप हलवला.